कुंचला आला म्हणजे

एस.टी.ने एकटा प्रवास करणारा कुंचला माझ्या माहितीत एकच. चार बोटं रुंद, बांबूच्या मुठीचा, आणि त्यात केस किती आणि वाळलेला सरस किती हे सांगणं कठीण. भाऊ तो आरमोरीच्या स्टँडवर कंडक्टरच्या हातात द्यायचे आणि गावाचं नाव सांगायचे. तिकीट नाही, चिठ्ठी नाही. कंडक्टर तो खिडकीच्या गजात खोचून ठेवायचा आणि त्या गावाचा फाटा आला की समोर दिसेल त्या माणसाच्या हवाली करायचा. दोन-चार दिवसांनी मागून भाऊ जायचे. कुंचला पोचला नाही असं कधी झालं नाही. भाऊ पोचले नाहीत असं मात्र पुष्कळदा झालं, कारण वाटेत कुणी चहाला हाक मारली की ते बसमधून उतरून पडायचे.

कुंचला आला म्हणजे भाऊ नाटकाचा पडदा रंगवायला येणार, एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढचं ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. ड्रॉइंगच्या परीक्षा पास झालेल्या माणसाला वाटतं की कुंचल्याबद्दल आपल्याला आणखी काय कळायचं राहिलंय!

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. गडचिरोलीत रोज एक नवं ऑफिस उघडत होतं आणि पाट्या रंगवून घ्यायला झुंबड उडाली होती. मी तिथल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो होतो. भाऊंची पहिली भेट झाली ती अशाच एका पाटीखाली. त्यांनी ‘जिल्हा’ हा शब्द एवढा मोठा काढला होता, की साहेबाच्या हुद्द्याला कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं उरली. साहेब तणतणत होते. भाऊ शिडीवरूनच म्हणाले, “साहेब, तुमची बदली होईन. जिल्हा इथीच राह्यन.” साहेबांची बदली खरंच तीन महिन्यांत झाली. पाटी पुष्कळ वर्षं तशीच होती.

धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. भाऊंचा मुख्य धंदा त्या नाटकांचे पडदे रंगवण्याचा. पण एवढ्यावर थांबणारा तो गडी नव्हता. ते दंडारीच्या लोकनाट्याचे मुखवटे कोरायचे, तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी बैल करायचे, नाटकं लिहायचे, त्यांना चाली लावायचे आणि नट आजारी पडला तर मिशा चिकटवून स्वतः उभे राहायचे. त्यांना मानणारी माणसं चार जिल्ह्यांत पसरलेली होती. नव्या दमाची पोरं रंगमंचावर जाण्याआधी त्यांच्या कुंचल्याला हात लावून तो कपाळाला लावायची. भाऊ ओरडायचे, “अबे, सरस लागते डोक्याले!” तरी लावायची.

मुखवटा ते आतून कोरायला घ्यायचे. बाहेर राक्षस असो की माकड, आधी आतली बाजू गालावर घासून घासून गुळगुळीत करायची, मगच बाहेरचे डोळे-दात. मी म्हटलं, “भाऊ, उलटं चाललंय तुमचं.” तर म्हणाले, “पाह्यणारा दुरून पाह्यते मास्तर. नाक त घालणाऱ्याचं आत राह्यते.” लाकडी बैलांची तर त्यांची जगावेगळी तऱ्हा. एकाही बैलाचे दोन कान सारखे नसायचे. एक ताठ, एक पडलेला. बैलाला एक कान न ऐकणारा असावाच लागतो, नाही तर मालक त्याला राबवून मारतो, असं त्यांचं शास्त्र होतं. ते शास्त्र स्वतःच्या बाबतीतही त्यांनी कसोशीने पाळलं.

त्यांच्या मोहल्ल्यातल्या विहाराची भिंत त्यांनी रंगवली, तेव्हा बोधिवृक्ष म्हणून चक्क मोहाचं झाड काढलं. पानं बघून कमिटीची म्हातारी मंडळी खवळली. भाऊ म्हणाले, “पिंपराखाली मी कधी बसलोच नाई, त काढू कसा? मोहाखाली जलम गेला.” त्यावर एक म्हातारे शांतपणे म्हणाले, “म्हणूनच म्हणतो बाप्पा, बदल. मोहाखाली बसलेला आपल्यातला माणूस उठत नाई.” सगळे हसले, भाऊ सगळ्यात जास्त हसले, आणि दुसऱ्या दिवशी ते पिंपळाखाली जाऊन बसून आले. मग पिंपळ काढला. नुसती कल्पना करून काहीच काढायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता. पाहिलेलंच काढायचं.

नाटकांच्या बाबतीत मात्र लोकांची त्यांच्यावर एक तक्रार होती. आमच्याकडे प्रेक्षकाला रडायला लागतं. तिसऱ्या अंकात बाई गेली पाहिजे, पोरं उघडी पडली पाहिजेत, तेव्हा कुठे माणूस समाधानाने घरी जातो. भाऊंच्या नाटकात बाई मरतच नसे. आजारी पडायची, खाटेला लागायची, सगळा मांडव पदर डोळ्याला लावून तयार व्हायचा, आणि ही उठून बसायची. याचं कारण मला कळलं ते प्रदर्शनाच्या वेळी.

प्रदर्शनाची कल्पना माझी. भाऊंचं चाळीस वर्षांचं सगळं काम एका जागी मांडायचं: पडदे, मुखवटे, बैल, नाटकांच्या वह्या, पाट्या. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेचा हॉल रिकामा असतो आणि तेंदूच्या पानांचा हंगाम उरकला की गावची माणसंही मोकळी होतात. हे काम म्हणजे कला आहे हे नव्या ऑफिसांतल्या शिकल्यासवरल्या माणसांना दाखवावं, असं मला फार वाटत होतं. आणि ते दाखवणारा मी, असंही थोडं वाटत होतं. आता कबूल करायला हरकत नाही.

भाऊ अंगणात बसून रंगात कालवायचा सरस शिजवत होते. त्या वासात दुसरा माणूस उभा राहू शकत नाही. मी नाक धरून सगळी योजना सांगितली.

“लोकं काऊन येतीन?” ते म्हणाले. “त्याहिच्याच घरचं सामान हाय. पाह्यलंच हाय ना त्याहिनं.”

“सगळं एका जागी नाही ना पाहिलं कुणी.”

“ते त मीबी नाई पाह्यलो.” ते सरस ढवळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “एक पडदा आणून देता का मास्तर? मंग बाकीचं काय लावाचं ते लावा.”

तो पडदा त्यांच्या सासुरवाडीला होता. गाव वैनगंगेच्या काठचं, मार्कंड्याच्या देवळाच्या अलीकडे, फाट्यापासून चार कोस आत. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी त्या गावासाठी नदीचा पडदा रंगवला होता. बायकोला डोक्यावर गागर देऊन दुपारभर घाटावर उभं केलं होतं. ती उन्हाने वैतागली, मग हसायला लागली, आणि ते हसू त्यांनी पडद्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी ती माहेरी गेली असताना तापाने पडली. भाऊ तेव्हा दुसऱ्या गावी पडदा रंगवत होते. निरोप आला. दुसऱ्या दिवशी नाटक होतं, रंग कालवून झाला होता, सरस थंड झाला तर फुकट जाणार होता. ते म्हणाले, पडदा करून उद्या येतो. पोचले तेव्हा तिला माती देऊन लोक परत फिरत होते. मेव्हणा चारचौघांत म्हणाला, “पडद्यासंग लगन लावाचं होतं.” त्यानंतर वीस वर्षं भाऊंनी त्या गावाची वाट धरली नव्हती. मेव्हणाही आता गेला होता. मेव्हण्याची बायको होती, आणि पडदा तिच्या घरात होता.

“फोटो नाई तिचा,” भाऊ म्हणाले. “मी कोणाचंबी तोंड काढतो मास्तर. तुमचं आत्ता काढून देतो. तिचं काढाले बसलो की गागर येते, लुगडं येते, तोंड येत नाई. एकदा पाह्यचं हाय.”

मी शब्द दिला. म्हटलं, भाऊ, पडदा माझ्याकडे लागला.

महिनाभर मी हिंडलो. लोकांनी पोतडी भरभरून दिलं. मुखवटा पाहुणा म्हणून जायचा, तर त्याला तेल लावून दिलं. एका बाईने बैल देताना बजावलं, “पोऱ्याच्या सणाच्या आत नाई आला त मी गडचिरोलीले येईन, सांगून ठेवतो.” राहिलं शेवटी ते नदीकाठचं गाव. चार कोस पायी, मे महिन्याचं ऊन, आणि प्रदर्शनाला आठ दिवस. भाऊंच्या घरी गेलो तर ते बाहेर गेले होते. खुंटीला पिशवी होती आणि पिशवीत कुंचला. मला वाटलं, ही तर भाऊंची मोहोरच झाली. हा पाहून कोण नाही म्हणेल? मी तो काढून घेतला, स्टँडवर नेला, कंडक्टरला दिला आणि सांगितलं, “भाऊंच्या सासुरवाडीला. म्हणावं पडदा गडचिरोलीच्या शाळेत आणून द्या.” भाऊंना विचारलं नाही. चार दिवसांत कुंचला परत खुंटीला लागला असता, त्यांना कळलंही नसतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊ शिडीवर चढून मुखवटे टांगत होते आणि मी खाली चिठ्ठ्या चिकटवत होतो. भाऊंना सन ठाऊक नसायचे, त्यामुळे चिठ्ठ्यांवर ‘वाघाने पाटलाचा गोऱ्हा नेला ते वर्ष’ असलं काही लिहावं लागत होतं. समोरच्या मोठ्या भिंतीवर मी काहीच लावलं नव्हतं. ती नदीच्या पडद्यासाठी राखलेली होती. भाऊ मधूनमधून तिकडे बघायचे.

दारात एक साठीची बाई उभी राहिली. डोक्यावर भलं मोठं गाठोडं, हातात कुंचला. शिडीवर भाऊंना पाहिलं आणि तिने तोंडावर पदर घेतला, तेव्हा कळलं, ही मेव्हण्याची बायको.

“जवाईबापू,” ती म्हणाली, “कुंचला आला, त मी रडलीच. म्हटलं, वीस साल झाले, आता राग गेला मनातला. येतेत म्हटलं आपल्या गावाले.”

भाऊ शिडीवरच थांबले. ते कुंचल्याकडे बघत होते. तिने गाठोडं खाली ठेवलं, गाठ सोडली आणि दोन हातांनी पडदा उलगडला.

पडदा पांढरा होता. धुऊन, भाताची पेज लावून, कडक वाळवून, घडीवर घडी घातलेला. नवं धोतर असतं तसा.

मला आधी काही समजेना. समजलं ते तिच्याच बोलण्यातून. कुंचला गावात आला, की जुना पडदा नदीवर नेऊन धुवायचा, पेज लावायची, वाळवायचा. मग भाऊ येतात आणि त्याच कापडावर नवीन चित्र काढतात. कापड महाग, भुकटीचे रंग सरसात कालवलेले, पाण्यात सोडले की निघून जातात. चाळीस वर्षं, शंभर गावं, हाच रिवाज होता. भाऊंनीच घालून दिलेला. सगळ्या झाडीपट्टीला माहीत होता, एका ड्रॉइंग मास्तराला सोडून.

“धुतानी हात थांबला माझा,” बाई सांगत होती. “वन्संचं तोंड होतं ना त्याच्यावर. मी कोणाले हात लावू देल्ली नाई त्याले इतके साल. पण म्हटलं, ज्याचं हाय त्याचाच कुंचला हाय. त्याहिच्या मनात आता नवं काढाचं असन. मी अडवणारी कोण?” आणि मग तिचा आवाज जरा बारीक झाला. “बरोबर केली ना मी? तुमीच पाठवला ना कुंचला?”

मी तोंड उघडलं. भाऊ शिडीवरून उतरले. माझ्या अगदी समोरून गेले, आणि त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी आजही विसरलेलो नाही. त्यांनी बाईच्या हातातलं पडद्याचं टोक घेतलं आणि दोन बोटांत चोळून पाहिलं.

“हाव बाई,” ते म्हणाले. “मीच पाठवलो. पेज चांगली बसली हाय.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हॉलच्या मागे जाऊन नळाखाली डोकं धरून उभा राहिलो. माणसाच्या बायकोचं जगातलं शेवटचं तोंड मी पुसून टाकलं होतं, आणि का, तर चार कोस चालायचा कंटाळा आला म्हणून.

परत आत आलो तेव्हा समोरच्या भिंतीवर पांढरा पडदा लागला होता. त्या दोघांनीच तो टांगला होता.

प्रदर्शन तीन दिवस चाललं आणि असं प्रदर्शन मी पुन्हा पाहिलं नाही. लोकांनी भिंतीवरचे मुखवटे काढून तोंडाला लावून पाहिले. चिठ्ठ्या खोडून वर्षं दुरुस्त केली. बैलवाली बाई दुसऱ्याच दिवशी बैल घेऊन गेली, म्हणाली, पाहून झाला सगळ्यांचा. ऑफिसांतले साहेबलोकही आले. एकाने चष्मा पुसत भाऊंना विचारलं, “ही कोणती शैली म्हणायची?”

“घाईची,” भाऊ म्हणाले. “दुसऱ्या दिवशी नाटक राहे.”

साहेब हसले. मला हसू आलं नाही.

“आणि हा पांढरा?”

“ते पुढचं काम होय.”

त्या तीन दिवसांत भाऊ माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बाई पडद्याखाली सतरंजीवर बसून असायची. नदीकाठची माणसं आली की ती त्यांना हाताने दाखवायची, इथी घाट होता, इथी डोंगा होता, इथी वन्सं होत्या. कोणी म्हणे गागर पितळेची होती, कोणी म्हणे तांब्याची. भाऊ खांबाला टेकून ऐकायचे. शेवटच्या दिवशी, माणसं पांगल्यावर, त्यांनी तिला एकच गोष्ट विचारली. मी चिठ्ठ्या काढत होतो म्हणून मला ऐकू आलं.

“जातानी काई म्हणाली का?”

 “पडदा झाला का त्याहिचा, असं इचारलं. मी म्हटली, होतच आला. मंग बोलल्या नाई.”

भाऊंनी मान हलवली. पडदा उतरवला, घडी केली आणि तिच्याबरोबर संध्याकाळच्या बसने निघून गेले. कुंचला या वेळी त्यांच्या खिशात होता.

सात-आठ महिने मी त्यांच्या वाटेला गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार? धान घरात आलं, नाटकांचे दिवस सुरू झाले, आणि एका कंडक्टरने सांगितलं की भाऊ अजून सासुरवाडीलाच आहेत, उद्या तिथे नाटक आहे. त्या दिवशी मी फाट्यावर उतरलो आणि ते चार कोस चाललो. थंडीचे दिवस होते, वाट सोपी होती. तिथे पोचायला मला तीन तासही लागले नाहीत.

दुपारी मांडव बांधणं चाललं होतं. पडदा बांबूला लावलेला होता आणि भाऊ त्याच्यासमोर उकिडवे बसले होते. नदी, घाट, पलीकडचं जंगल. घाटाच्या पायऱ्या उतरून एक बाई पाण्याकडे चालली होती. डोक्यावर गागर, लुगड्याचा काठ टाचेवर ओला. पाठमोरी. चेहरा नव्हता.

मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि वाटभर घोकलेलं बोललो. भाऊ, कुंचला मी चोरला. तुमचं जे गेलं ते माझ्यामुळे गेलं.

ते वळले नाहीत. तसेच बसून म्हणाले, “तोंड मी एकदा पाह्यलो होतो मास्तर. उनात उभी करून, दुपारभर. ती गेली तवा नाई पाह्यलो. सरस थंडा होऊन राह्यला होता माझा.” त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “आता पाहून राह्यलो.”

मग त्यांनी कुंचला भांड्यात बुडवला, काठावर निथळला आणि माझ्यापुढे धरला.

“धरा. पाणी अर्धं राह्यलं हाय, आन् नाटक उद्या हाय.”

मी कुंचला घेतला. मी निळा ओढायला लागलो. तिच्या पायांपर्यंत आलो तेव्हा भाऊंनी माझं मनगट धरलं.

“इथी हळू,” ते म्हणाले. “जाऊन राह्यली ती.”